गावाच्या वर्गणीचा संघ

वर्गणी हा शब्द आम्हां नाशिककरांस नवा नाही. गणेशोत्सव, व्याख्यानमाला, कीर्तनसप्ताह, वाचनालयाची नवी कपाटे, व्यायामशाळेचे गळके छप्पर, अशा नाना निमित्तांनी चार माणसे पावतीपुस्तक घेऊन ओट्यावर येतात, पाणी पितात, गोदावरीच्या पुराच्या चार गोष्टी बोलतात आणि मग हळूच मूळ विषयास हात घालतात. देणारा गृहस्थ आधी कपाळास आठ्या घालतो, मग गेल्या वर्षी आपण काय दिले होते ते विचारतो, आणि अखेर तोच आकडा पुन्हा लिहून देतो. या घटकाभराच्या व्यवहारात काही विशेष घडले असे कोणासच वाटत नाही. तथापि आपल्या प्रांतातील कितीतरी टिकाऊ कामे याच पावतीपुस्तकांनी उभी केली आहेत. आमचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. त्याच्या संसारास पिढ्यान्‌पिढ्या सभासदांच्या वर्गणीने हातभार लावला. तळेगावचा काचकारखाना १९०८ साली निघाला तो अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार फिरून जमविलेल्या ‘पैसा फंडा’च्या बळावर. दर माणशी एक पैसा, एवढेच त्यांचे मागणे होते.

मात्र अशा वर्गणीवर धंदेवाईक खेळाडूंचा एखादा संघ चालावा, आणि तोही शंभरांहून अधिक वर्षे चालावा, ही गोष्ट आम्हांस अलीकडेच कळली. हा संघ अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या गावचा असून त्याचे नाव ग्रीन बे पॅकर्स असे आहे. त्या देशातील फुटबॉलची सर्वांत मोठी संघटना जी नॅशनल फुटबॉल लीग, तिच्यात आज ३२ संघ आहेत. बाकीचे ३१ धनाढ्य व्यक्तींच्या, घराण्यांच्या वा भागीदारांच्या हाती आहेत. एकटा ग्रीन बेचा संघ सामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे. त्याची हकीकत वाचकांस सांगावी असे वाटण्यास केवळ कुतूहल कारण नाही. आमच्या आळीत सध्या एक प्रश्न उभा आहे, आणि तो सोडविताना या दूरच्या गावाची आठवण आम्हांस वारंवार होते. तो प्रश्न काय, हे ओघाने पुढे येईलच.

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त मिलवॉकी शहरी राहतो. ते शहरही विस्कॉन्सिन राज्यातलेच. २०२१ च्या नोव्हेंबरात या संघाने शेअर विक्रीस काढले तेव्हा त्याने ३०० डॉलर भरून आपल्या मुलाच्या नावे एक शेअर घेतला, आणि पुढे दिवाळीस घरी आला तेव्हा त्या प्रमाणपत्राच्या नकलेची तसबीर करून बरोबर आणली. आमचे कुटुंब मोठे. सोप्यावर बसून एखाद्या वस्तूची चिकित्सा करावयास सात-आठ माणसे केव्हाही मिळतात. आमचे थोरले बंधू बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसून विचारले, “यावर लाभांश किती मिळतो?”

पुतण्या म्हणाला, “अण्णाकाका, लाभांश नाही.”

“बरे, मग भाव चढल्यावर विकावयाचा?”

“विकताही येत नाही. घरच्या माणसास देता येतो, नाहीतर संघासच परत करावयाचा, तोही नाममात्र किमतीस.”

“म्हणजे तीनशे डॉलर मोजून तू एक कागद घेतलास म्हण की!”

यावर माजघरातून आमच्या वहिनी म्हणाल्या, “देवघरातले टाक काही मोडीत घालण्यासाठी कोणी घडवून घेत नाही.” अण्णा गप्प बसले. आमच्या मातोश्रींचे वय नव्वदीच्या घरात आहे. त्यांनी ‘पॅकर्स’ म्हणजे काय, अशी पृच्छा केली. हे नाव मांस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यावरून पडले आहे असे कळताच त्यांनी निर्णय दिला की, पोराने हौसेने आणले आहे तर तसबीर राहू द्या, पण देवघराच्या भिंतीवर नको. ती आजही जिन्याजवळ टांगलेली आहे, आणि येणारा-जाणारा तिच्याविषयी विचारतो म्हणूनच आम्हांस या संघाचा इतिहास जाणून घ्यावा लागला.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. यास ग्रिडायर्न म्हणतात, कारण मैदानावर आखलेल्या आडव्या पांढऱ्या रेघांमुळे ते पापड भाजण्याच्या जाळीसारखे दिसते. नाव फुटबॉल, परंतु चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो, आणि बहुतेक वेळ तो हातात धरूनच पळावयाचे असते. दोन गोलरेषांमधील अंतर १०० यार्ड. प्रत्येक बाजूस अकरा गडी. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्याने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावे. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्ष अंगावर धावून, कमरेस मिठी घालून, खाली लोळवून त्यास अडवितो. ज्यांनी लहानपणी हुतूतूत पट काढले आहेत त्यांस ही धरपकड अगदीच परकी वाटणार नाही. मात्र येथे डोक्यावर शिरस्त्राण व खांद्यांवर जाड गाद्या बांधूनही गडी जायबंदी होतात, इतका त्यातला आघात मोठा असतो.

हा खेळ आपल्याकडे आणण्याचाही प्रयत्न झाला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. अमेरिकेतील भांडवल आणि तेथील काही नामांकित जुने खेळाडू यांच्या पाठबळाने ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ निघाली व २०१२ साली तिचा पहिला हंगाम झाला. मुंबईच्या संघाचे नाव ग्लॅडिएटर्स, पुण्याच्या संघाचे मराठाज. आणि पहिले अजिंक्यपद पुणे मराठाज यांनीच पटकाविले. इतर खेळांतून आलेल्या त्या मुलांनी अपरिचित खेळ शिकून हे यश मिळविले, ही गोष्ट लहान नव्हे. तरीपण आज पुण्यातील दहा घरांत विचारावे, तर नऊ घरांस या अजिंक्यपदाची वार्ताही नसेल. संघास पुण्याचे नाव मिळाले खरे, पण तो पुण्याने मागितला नव्हता, त्याच्यासाठी कोणी पावती फाडली नव्हती, की कोणाच्या घरचा मुलगा त्यात आहे म्हणून आळी गोळा झाली नव्हती. ती लीग फार काळ नांदली नाही.

ग्रीन बेचा आरंभ याहूनही लहान होता. ११ ऑगस्ट १९१९ रोजी तेथील ‘प्रेस-गॅझेट’ या वृत्तपत्राच्या कचेरीत काही तरुण जमले. पुढाकार दोघांचा होता. कर्ली लॅम्बो हा एकवीस वर्षांचा खेळाडू, आणि जॉर्ज कॅल्हून हा त्याच पत्रात खेळांची वृत्ते लिहिणारा. लॅम्बो ‘इंडियन पॅकिंग कंपनी’त नोकरीस होता. गणवेशासाठी त्याने मालकांकडे मदत मागितली. ५०० डॉलर मिळाले. अट इतकीच की संघास कंपनीचे नाव द्यावे. तेव्हापासून तो पॅकर्स झाला. कंपनी दोन वर्षांतच दुसऱ्या कंपनीने घेतली, पुढे तीही नाहीशी झाली. पाचशे डॉलरांत मिळविलेले नाव तेवढे शिल्लक राहिले. पहिल्या वर्षी मैदानास कुंपणही नव्हते. खेळ चालू असता प्रेक्षकांतून टोपी फिरवीत आणि ज्याच्या मनास येईल तो तीत नाणे टाकी. हंगामाअखेर हिशेब झाला तेव्हा प्रत्येक गड्याच्या वाट्यास १६ डॉलर ७५ सेंट आले, असे सांगतात.

१९२१ साली संघ मोठ्या संघटनेत शिरला, आणि तेथून खर्च सुरू झाला. १९२२ चा हंगाम पावसाने धुऊन काढला. पावसाचा विमा उतरविला होता. पण ठरल्यापेक्षा इंचाचा शंभरावा हिस्सा पाऊस कमी पडला म्हणून विमावाल्यांनी पैसे नाकारले, अशी एक गोष्ट तेथे आजही सांगतात. दिवाळे निघण्याची वेळ आली तेव्हा ‘प्रेस-गॅझेट’चे व्यवस्थापक अँड्रू टर्नबुल यांनी गावातील व्यापाऱ्यांस एकत्र केले आणि १९२३ साली ‘ग्रीन बे फुटबॉल कॉर्पोरेशन’ स्थापन करून ५ डॉलरांचा एक, असे १,००० शेअर विकले. भांडवल ५,००० डॉलर झाले. नफा वाटावयाचा नाही, असे पहिल्या दिवसापासून ठरले.

पुढे दर काही वर्षांनी संकट येई आणि गाव पुन्हा पावतीपुस्तक उघडी. एक प्रेक्षक बाकांवरून खाली पडला. त्याने दावा लावला व न्यायालयाने संघावर भरपाई बसविली. ज्या कंपनीकडे विमा होता तीच बुडालेली. त्यातून सावरण्यासाठी १९३५ साली दुसरी विक्री झाली व १५,००० डॉलर जमले. अमेरिकेत तो मंदीचा काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे या रकमेचे वजन कळते. १९४९ च्या नोव्हेंबरात तिजोरी पुन्हा रिकामी झाली, तेव्हा संघाने आपल्याच गड्यांचे दोन भाग करून सामना खेळविला आणि गावकऱ्यांनी बर्फात उभे राहून सुमारे ५०,००० डॉलरांची तिकिटे घेतली. १९५० च्या विक्रीत १,१८,००० डॉलर आले. त्यानंतर १९९७, २०११ व २०२१ या साली सुरू झालेल्या तीन विक्री मुख्यत्वे क्रीडांगणाच्या कामांसाठी होत्या. आता या संघाचे भागधारक ५ लाख ३७ हजारांहून अधिक आहेत, आणि ग्रीन बे गावाची वस्ती २०२० च्या शिरगणतीप्रमाणे १ लाख ७ हजार! आमच्या नाशिक शहराची लोकसंख्या २०११ सालीच १४ लाख ८६ हजार होती, हे येथे सांगावेसे वाटते.

या सर्व काळात संघ विकला कसा गेला नाही, असा प्रश्न सहजच मनात येतो. याचे उत्तर त्याच्या घटनेत आहे. कोणाही एका व्यक्तीस ठराविक मर्यादेपलीकडे शेअर घेता येत नाहीत. आणि संघ कधी विकला किंवा मोडला, तर येणाऱ्या रकमेतील कवडीही भागधारकांस मिळावयाची नाही. पूर्वी ती रक्कम माजी सैनिकांच्या स्थानिक संस्थेस, सैनिकांच्या स्मारकासाठी जावी, असा नियम होता. १९९७ पासून ती संघाच्या धर्मादाय निधीस जावी असे ठरले आहे. मोठ्या शहरातील कोणी कुबेर उद्या थैली घेऊन आला तरी त्याने ती कोणापुढे ओतावी? संस्था मोडल्याने ज्याचे घर भरेल असा मनुष्यच तेथे शिल्लक ठेवलेला नाही. आपल्याकडील कित्येक संस्था बाहेरच्या शत्रूने मोडल्या नाहीत. त्या मोडल्यास आपला काय लाभ, याचा हिशेब आतल्याच कोणीतरी केला आणि तेथून त्यांस घरघर लागली. ग्रीन बेच्या व्यापाऱ्यांनी हा हिशेब आधीच शून्यावर आणून ठेविला.

हा नियम किती उपयोगी पडला, याची कसोटी खुद्द संस्थापकानेच घेतली. लॅम्बोने खेळाडू व पुढे शिक्षक या नात्याने तीस वर्षे संघ चालविला. १९२९, १९३०, १९३१, १९३६, १९३९ व १९४४ या सहा वर्षी अजिंक्यपद मिळवून दिले. पण १९४९ साली पैशाची ओढाताण झाली तेव्हा वर्गणीचा मार्ग सोडून काही धनिकांच्या हाती संघ द्यावा, असे त्याच्या मनाने घेतले. मंडळाने त्यास नकार दिला. १९५० च्या आरंभी तो राजीनामा देऊन गाव सोडून गेला. १९६५ साली तो वारला, तेव्हा त्याच गावाने आपल्या क्रीडांगणास ‘लॅम्बो फील्ड’ असे नाव दिले. मनुष्याचे ऋण मानावे, नाव द्यावे, पण ज्या बाबतीत त्याचे म्हणणे पटले नाही त्या बाबतीत बधू नये, हा जो विवेक त्या मंडळाने दाखविला तो आम्हांस सहाही अजिंक्यपदांहून मोठा वाटतो.

समितीच्या कारभारात दोषही होतेच. १९५८ साली बारा सामन्यांपैकी एक जिंकला, एक बरोबरीत सुटला आणि दहा गमावले. पुष्कळ माणसे मालक झाली म्हणजे प्रत्येकास आपण शहाणे वाटू लागते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. १९५९ साली व्हिन्स लोम्बार्डी हा कडक शिस्तीचा शिक्षक आला. खेळाच्या बाबतीत सर्व अधिकार आपल्याकडे असावेत, असे त्याने आधीच मागून घेतले. मंडळाने ते दिले, आणि पाळलेही. १९६१, १९६२, १९६५, १९६६ व १९६७ असा पाच वेळा संघ अजिंक्य झाला. ३१ डिसेंबर १९६७ रोजीचा डॅलसविरुद्धचा सामना शून्याखाली २५ अंश थंडीत झाला आणि अखेरच्या काही सेकंदांत ग्रीन बेने तो २१-१७ असा जिंकला. त्याची वर्णने तेथील आजोबा नातवंडांस अजून ऐकवितात. पुढे १९९६ व २०१० च्या हंगामांतही या संघाने अजिंक्यपद मिळविले. एकूण १३ अजिंक्यपदे झाली. इतकी दुसऱ्या कोणत्याही संघाच्या नावावर नाहीत.

परंतु केवळ स्वतःच्या वर्गणीवर हे गाव टिकले असते, असे म्हणणे अर्धसत्य होईल. १९५६ साली नव्या क्रीडांगणासाठी गावात मतदान व्हावयाचे होते. शिकागोचा संघ हा ग्रीन बेचा हाडवैरी. पण त्याचा मालक जॉर्ज हॅलस स्वतः ग्रीन बेस आला आणि लोकांनी क्रीडांगणाच्या बाजूने मत द्यावे म्हणून सभेत बोलला. लोकांनी कौल दिला. ९ लाख ६० हजार डॉलर खर्च गावाने व संघाने निम्मा-निम्मा वाटून घेतला, आणि १९५७ साली क्रीडांगण उघडले. त्याहून मोठी गोष्ट दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाची. न्यूयॉर्क व शिकागोच्या संघांचे सामने कोट्यवधी लोक पाहणार, ग्रीन बेचे त्या मानाने थोडे. ज्याने त्याने आपले उत्पन्न घ्यावे असे ठरते तर लहान गावाचा संघ दहा वर्षांत बुडाला असता. १९६१ साली अमेरिकेत कायदा होऊन सर्व संघांचे सामने एकत्र विकण्याची मोकळीक मिळाली, आणि येणारे उत्पन्न सर्वांत सारखे वाटावे असे संघांनी ठरविले.

ही व्यवस्था आमच्या घरातील स्त्रियांस समजावून सांगण्याची गरजच पडली नाही. मुंबईस मोठ्या पगारावर असलेला भाऊ, गावी शेती पाहणारा भाऊ आणि शाळेत शिकविणारा भाऊ यांच्या मिळकती वेगळ्या, पण चूल एक, आणि पानात वाढताना कोणाची मिळकत किती हे कोणी पाहत नाही, हीच ती पद्धत. वहिनी म्हणाल्या, “म्हणजे मैदानावर भांडतात आणि स्वयंपाकघरात एक असतात. आपल्याकडे काही घरांत याच्या उलट असते.” धनवंतांच्या या ३२ घरांत एकत्र कुटुंबाचा नियम चालावा, आणि आमच्याकडे तो मोडकळीस यावा, यातील विनोद आमच्या वाचकभगिनींच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.

गावाचे व संघाचे नाते कसे आहे, हे पुतण्याच्या तोंडून ऐकण्यासारखे आहे. दरवर्षी जुलै महिन्यात भागधारकांची सभा त्याच क्रीडांगणावर भरते. हजारो माणसे पायऱ्यांवर बसून वर्षाचा जमाखर्च ऐकतात. लीगमधील दुसरा कोणताही संघ आपला जमाखर्च असा जगापुढे मांडीत नाही. कार्यकारी मंडळातील माणसांस, एक अध्यक्ष सोडल्यास, वेतन नाही. उन्हाळ्यात सरावाचे दिवस सुरू झाले की गावातील मुले सायकली घेऊन दारात उभी राहतात. खेळाडू त्यांच्या लहानशा सायकलींवर बसून मैदानाकडे जातात आणि मूल त्याचे शिरस्त्राण हातात धरून शेजारी धावते. हिवाळ्यात बर्फ साचला की शेकडो गावकरी फावडी घेऊन येतात व ठराविक मजुरी घेऊन क्रीडांगण मोकळे करतात. ८१ हजारांवर माणसे बसतील एवढे ते मोठे असूनही हंगामी तिकिटासाठी एक लाखाहून अधिक नावे वाट पाहत आहेत. मूल जन्मताच त्याचे नाव त्या यादीत घालणारे आईबापही आहेत.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या शेअरला बाजारात मोल नाही, आणि भागधारकास सत्ता आहे ती संचालक मंडळ निवडण्यापुरती. तिकिटाचा दर, कोणता गडी घ्यावा, कोणता काढावा, यांत त्याचे काही चालत नाही. अण्णांचे म्हणणे असे की, ही मालकी नसून देणगी आहे, आणि देणगीस मालकी म्हणणे ही एक प्रकारची भुरळ आहे. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. शिवाय या खेळातील वारंवारच्या आघातांनी कित्येक जुन्या खेळाडूंच्या मेंदूस कायमची इजा झाल्याचे उघडकीस आले आहे. गावाच्या प्रेमाने ती इजा भरून येत नाही. तथापि देणगी म्हणा की मालकी म्हणा, त्या कागदाने एक गोष्ट निश्चित साधली आहे. संघ कोणाचा, असे विचारले असता पाच लाखांवर माणसे ‘आमचा’ म्हणतात, आणि तसे म्हणण्याचा त्यांस अधिकार आहे.

येथे आमच्या आळीतील प्रश्न सांगावयास हवा. आमच्याकडे एक जुनी व्यायामशाळा आहे. आमच्या लहानपणी पहाटे पाच वाजता तेथे मलखांबास हात लावण्यास रांग लागे. आता मुले कमी येतात. दोरीवरच्या मलखांबासाठी मुली येतात, त्या मात्र उत्साहाने येतात. मंगलोरी कौले फुटली आहेत, वासे वाळवीने खाल्ले आहेत, आखाड्याच्या मातीत पावसाळ्यात पाणी साचते. दुरुस्तीचा अंदाज ९ लाख रुपयांचा आहे. गावातील एका सधन गृहस्थांनी सर्व खर्च एकट्याने उचलण्याची तयारी दाखविली आहे. गृहस्थ सज्जन आहेत, त्यांचा हेतू शुद्ध आहे. त्यांच्या अटी दोन: वास्तूस त्यांच्या वडिलांचे नाव द्यावे, आणि यापुढे विश्वस्त त्यांच्या संमतीने नेमावे. आमच्या समितीत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, दोन्ही अटी मान्य करा, नाहीतर येत्या पावसाळ्यात छप्पर खाली येईल. दुसरा तट नावासच हरकत घेतो. ज्यांनी ही शाळा काढली त्यांचे नाव पुसावयाचे काय, असा त्यांचा सवाल आहे.

ग्रीन बेची हकीकत वाचल्यापासून आमचे मत तिसरेच झाले आहे. नावाविषयी एवढा आग्रह धरण्याचे कारण नाही. पाचशे डॉलरांस नाव दिले म्हणून त्या गावाचे काही गेले नाही. कंपनी काळाच्या उदरात गेली आणि नावच गावाचे झाले. या गृहस्थांच्या वडिलांचे नाव नव्या सभागृहास आनंदाने द्यावे, संस्थापकांचे नाव मूळ वास्तूवर आहे तसे ठेवावे. विश्वस्तांची अट मात्र नम्रपणे परत करावी. आजचे दाते सज्जन आहेत. त्यांच्या पश्चात त्यांची मुले, नातवंडे कोणत्या विचारांची असतील हे त्यांस तरी कोठे ठाऊक आहे? किल्ली एकदा एका घरी गेली म्हणजे ती मागावयास जाणे कठीण.

अर्थात दुसरी अट नाकारली आणि त्यांनी हात आखडता घेतला तर पैसा कोठून आणावयाचा, हे सांगण्याची जबाबदारी आमच्यावर येते. आमच्या आळीत व आसपास निदान ६०० घरे अशी आहेत की ज्यांतील कोणी ना कोणी त्या मातीत लोळलेले आहे. घरटी ५०० रुपये वर्षाला, असे तीन वर्षे मिळाले तर ९ लाख होतात. छप्पर तीन पावसाळे थांबणार नाही, ही अण्णांची शंका रास्त आहे. म्हणून पहिल्या वर्षाची वर्गणी छपरासच लावावी, आखाडा व भिंती मागाहून. देणाऱ्या प्रत्येक घरास सभासदत्वाचा दाखला मिळावा. त्यावर लाभांश नसेल, तो विकता येणार नाही, मुलास वा सुनेस देता येईल. व्यायामशाळेच्या घटनेत एक कलम घालावे की, ही जागा कधीकाळी रीतसर परवानगीने विकली गेलीच, तर येणारी सर्व रक्कम मुलांच्या खेळाच्या मैदानासाठी खर्चावी. सभासदास, विश्वस्तास वा दात्यास त्यातील काही मिळू नये. आणि मुलांस काय शिकवावे, कसे शिकवावे, यांत सभासदांनी ढवळाढवळ करू नये. ते वस्तादांवर सोपवावे.

सभा पुढील महिन्यात आहे. निर्णय काय होईल हे आज सांगता येत नाही; दमलेल्या समितीस एकाच हाताने मिळणारा धनादेश नेहमीच सोयीचा वाटतो, आणि तीनशे पायऱ्या चढून सहाशे दारे ठोठावणे आमच्या वयास सोपे नाही. तरी आम्ही घरोघर जाण्यास आरंभ केला आहे. पहिल्या आठवड्यात ४३ घरे झाली, ३१ पावत्या फाटल्या. अण्णांनी आपले पाचशे रुपये दिले, पण एका अटीवर: दरवर्षी जमाखर्च आखाड्याच्या कडेला, सर्वांसमक्ष, मोठ्याने वाचला गेला पाहिजे. ही अट आम्ही पावतीच्या पाठीवर छापून घेतली आहे.